सरासरी एकशे दहा

मंगळवार, ४ मार्च

दादाने वही दिली. स्वतःच्या हाताने शिवलेली, पाठीला निळं कापड, कोपऱ्यांना कातडं. म्हणाला, "चिमणे, ऑफिसातली कटकट जेवणाच्या ताटावर सांडण्यापेक्षा हिच्यात सांड." वर ताकीद: "पान फाडायचं नाही. शिवणीची वही आहे. एक पान ओढलंस की पलीकडचं त्याचं जोडपान सुटून हातात येतं." अठ्ठावीस वर्षं पुस्तकं बांधतोय, आणि मी बेचाळीसची झाले तरी त्याला वाटतं मी अजून वह्यांच्या पानांची विमानंच करते.

तर कटकट. आजपासून मी हवामान समन्वय कक्षाची समन्वय अधिकारी. नाव मोठं, लक्षण खोटं. कक्ष म्हणजे दोन कपाटांच्या मधली जागा. खिडकी आहे, पण ती उघडत नाही. काम असं की सात खात्यांना एका टेबलाशी बसवायचं आणि पुराचा धोका लोकांना कळेल अशा भाषेत सांगायचा. पावसाची तऱ्हाच बदललीय, नदीचे जुने आकडे आता चालत नाहीत. नव्या अंदाजाप्रमाणे मोठा पूर आला तर पाणी कुठवर चढेल ते मोजून कागदावर आलंय. पण कागद वाचतो कोण? म्हणून माझी कल्पना, गेल्या वर्षीच मांडलेली: नदीकडच्या भागातल्या दोनशे बारा दिव्याच्या खांबांवर एक रेषा मारायची. पाणी इथवर येऊ शकतं. बस्स. शेंबड्या पोरालाही कळेल.

कल्पना माझी आहे, हे इथे तरी लिहून ठेवते. बाकी कुठे कोणी लिहिणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पहिली मीटिंग. तीन तास. त्यातला दीड तास 'पूर' ह्या एका शब्दावर गेला. रस्ते खातं म्हणालं, पूर म्हटलं की लोक घाबरतात, 'जलपातळीतील तात्पुरती वाढ' म्हणा. मी म्हटलं, स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी शिरल्यावर बाई नवऱ्याला काय हाक मारेल, "अहो, तात्पुरती वाढ आली"? कोणी हसलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

आमचे अध्यक्ष दर दहा मिनिटांनी एकच वाक्य म्हणतात, "सोपं करा, लोकांना सोपं लागतं." मी मनातल्या मनात त्यांचं नाव सोपंसाहेब ठेवलंय. आता एखाद दिवशी तोंडातून निसटू नये म्हणजे मिळवली.

बुधवार, १२ मार्च

पाणीमोजणी खात्याची इंजिनियर आली. हडकुळी पोरगी, उन्हाने रापलेली, तीन महिने काठी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून पायी फिरलीय. तिने दोनशे बारा ओळींचा तक्ता पुढे ठेवला. प्रत्येक खांबाचा आकडा वेगळा. एकाला सतरा सेंटिमीटर, दुसऱ्याला दोनशेच्या वर. माझे तर डोळेच फिरले. सोपंसाहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "हे असं लोकांपुढे नका हो आणू."

मोजणीवाली हळूच म्हणाली, "पाणी सपाट असतं सर. जमीन नसते." ह्या शास्त्रशुद्ध माणसांची हीच गंमत, जे सगळ्यांना ठाऊक असतं तेच आपल्याला गंभीर चेहऱ्याने सांगतात.

ठरलं असं की तक्त्यावर सातही खात्यांच्या सह्या घ्यायच्या, मग तो रंगाऱ्यांकडे जाणार. सह्या गोळा करणं माझ्याकडे. म्हणजे सात दारांत उभं राहून दान मागायचं.

गुरुवार, २० मार्च

आज खरंच राजीनामा लिहायला घेतला होता.

सकाळी दहापासून रंगावर भांडण. केशरी की निळा? जलखात्याचं म्हणणं, पाणी निळं असतं. रस्ते खातं म्हणे, निळा रंग त्यांच्या पार्किंगच्या पाट्यांचा, लोकांना वाटेल इथे गाडी लावायची. मी म्हटलं, पुरात गाडी आपोआपच लागेल कुठेतरी. मग बोधचिन्ह. सात खाती, सात बोधचिन्हं, खांबाची रुंदी वीतभर. शेवटी कोणी तरी सुचवलं की बोधचिन्हं आळीपाळीने लावा, आणि ह्यावर गंभीरपणे चर्चा झाली. देवा!

त्यातच रंगाऱ्यांच्या मुकादमाचा फोन. माणसं खांबाशी उभी आहेत, किती उंचीवर मारायचं? म्हटलं, तक्त्यात बघा. तक्ता मिळालाच नाही म्हणे. कसा मिळणार, तो गटार खात्याच्या सहीसाठी आठ दिवस पडून आहे आणि सही करणारा रजेवर. मागून सोपंसाहेब खुणा करतायत, फोन ठेवा. म्हटलं, सरासरी एकशे दहा आहे, सध्या ते धरा, तक्ता येतोच आहे. "सगळ्या खांबांना का, मॅडम?" हो हो, सुरू तर करा. ह्या लोकांना प्रत्येक गोष्ट चमच्याने भरवावी लागते.

परत आत येईतो केशरी मंजूर झाला होता. चार विरुद्ध तीन. बोधचिन्ह कोणाचंच नाही. त्यातल्या त्यात एवढं सुख.

बुधवार, २ एप्रिल

फोटो आले! आधी विश्वासच बसेना. आमच्याकडून एवढं नीटनेटकं काम? दोनशे बारा खांब, दोनशे बारा केशरी पट्टे, सगळे एका मापात, जणू पट्टी लावून ओढलेत. मुकादमाला फोन करून शाबासकी दिली. बिचारा गांगरला. शाबासकीची सवय नसावी.

मोजणीवालीचाही फोन होता, तक्ता रंगाऱ्यांना पोचला ना? म्हटलं, हो ग बाई, काम झालंसुद्धा. गटार खात्याची सही सत्तावीसला आली होती, तेव्हाच पाठवला असणार मी. फोटो पाठवते म्हटलं, तर ती म्हणाली तिला आता दुसऱ्या नदीवर धाडलंय, सहा आठवडे तरी परत येत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

वरच्या बाजारातल्या दुकानदारांचं शिष्टमंडळ. अकरा माणसं, खुर्च्या चार. म्हणे रेषा पुसा, आमच्या दुकानांना कंबरभर पाणी दाखवलंय, उभ्या जन्मात इथे घोट्याच्या वर पाणी आलं नाही, गिऱ्हाईक विचारतं की माल भिजलेला आहे का. एक जण तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "तुम्ही कधी आमच्या बाजारात पाय तरी ठेवलाय का?"

मी शांतपणे पाऊस बदलल्याचं समजावलं. ऐकायला तयारच नाहीत. जो तो म्हणतो, माझ्या दारात नाही येणार. सत्य कुणाला पचत नाही हेच खरं. सोपंसाहेबांनी "विचार करू" म्हणून कटवलं, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "विरोध होतोय म्हणजे संदेश पोचतोय." पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं पटलं.

रविवार, १३ एप्रिल

दादाकडे गेले होते. मुद्दामच. त्याचं दुकान खालच्या गल्लीत, नदीपासून तिसरी ओळ. पुढे पुस्तकबांधणी, मागे घर. दारासमोरच्याच खांबावर माझी रेषा. पाहून छाती फुगली. एवढी सगळी नदी माझ्या त्या चार बोटांच्या पट्ट्यात आलीय असं वाटलं.

दादा मात्र टिंगलीवर. "एवढंच? आबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी पाणी दाराच्या वरच्या चौकटीला लागलं होतं." मी म्हटलं, आबांना सगळंच मोठं करून सांगायची सवय होती. त्यांनी पकडलेला मासा दर वर्षी वीतभर वाढायचा. वहिनी हसली. दादाही हसला, पण सुरी चालवत राहिला.

मग मात्र मी चिडले. म्हटलं, दादा, ह्यात तीन महिन्यांची मोजणी आहे, सात खात्यांच्या सह्या आहेत, आबांच्या गोष्टी नाहीत. तुझ्या धाकट्या बहिणीने आयुष्यात एक काम धड केलंय, त्यावर तरी विश्वास ठेव. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लाजच वाटली. दादाने सुरी खाली ठेवली, उठला, टेप घेऊन खांबाशी गेला. एकशे दहा. परत येऊन त्याने दीडशेवर सलग फळी ठोकायला घेतली. "चाळीस सेंटिमीटर जास्तीचं, तुझ्या मानासाठी," म्हणाला. संध्याकाळपर्यंत कागदाची रिमं, बांधायला आलेली पुस्तकं, सगळं फळीवर.

निघताना तीन दारं पलीकडचे घड्याळवाले काका भेटले. एकटेच राहतात, दुकानामागच्या खोलीत. त्यांनी मला स्टुलावर बसवून रेषेची सगळी माहिती विचारली. "पहिल्यांदाच सरकारने काहीतरी नेमकं सांगितलं," म्हणाले. "नाही तर 'सतर्क राहा'. सतर्क म्हणजे किती वाजता?" त्यांनीही घड्याळं एकशे तीसच्या वर टांगलीत, आणि सगळी बरोबर वेळ दाखवतात.

घरी येताना मन भरून आलं होतं. दादाने माझं ऐकलं.

मंगळवार, २९ एप्रिल

आमच्या 'एक शहर, एक रेषा' उपक्रमाबद्दल बोलायला सोपंसाहेबांना मोठ्या परिषदेचं आमंत्रण. भाषण मी लिहायचं. माझं नाव आभाराच्या यादीत चहावाल्याच्या वर आहे का खाली, एवढंच बघायचं राहिलंय.

मंगळवार, ६ मे

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

वरच्या खोऱ्यात तीन दिवस कोसळतोय. दुपारी अंदाज आला, शुक्रवारी मोठं पाणी, धरणातून सोडावंच लागणार. दादाला सावध करावं म्हणून निघाले. रस्ता खणलेला, गाडी वरच्या बाजारातच सोडली आणि पायी खाली उतरू लागले. आजपर्यंत मी ह्या रस्त्याने कधी चाललेच नव्हते.

वरच्या बाजारात रेषा माझ्या कमरेच्या जरा वर. पुढच्या खांबावर तेवढीच. उतार लागला, रेषा तेवढीच. मी खाली उतरतेय आणि रेषा माझ्याबरोबर उतरतेय, जिन्याच्या कठड्यासारखी. खालच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागे वळून पाहिलं. बाजारातली रेषा दादाच्या छपराच्या उंचीवर होती.

पाणी असं जिना उतरत येत नसतं. पाणी सपाट असतं. कोणीतरी मला हे सांगितलं होतं.

बाजारवाले खरं बोलत होते. आबाही.

मी तिथेच उभी राहून मुकादमाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. अक्कल गहाण टाकलीत का, तक्ता कशाला दिला होता, लोकांच्या जिवाशी खेळता का. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, तक्ता आलाच नाही. तुम्हीच फोनवर सांगितलंत, सगळ्यांना एकशे दहा." मी म्हटलं, मी? कधी? शुद्धीत आहात का?

दादाला न भेटताच परतले. ऑफिसात तक्ता शोधला. कपाटाच्या वरच्या खणात, पाठवायच्या फायलीत. सातही सह्या. तिथेच.

घरी येऊन ही वही मागे चाळली. २० मार्च. माझंच अक्षर. वर शेवटी ते चमच्याने भरवायचं वाक्य.

ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, डोकं दुखतंय.

बुधवार, ७ मे

सकाळी आठला तातडीची मीटिंग मागितली. भरली साडेअकराला. मी सांगितलं, रेषा चुकीची आहे, वर जास्त दाखवते, खाली फार कमी, खालच्या गल्लीचा खरा आकडा दोनशे पाच आहे, आजच्या आज जाहीर करा. मोजणीवालीला दुसऱ्या नदीवरून फोनवर घेतलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही पोचला म्हणाला होतात."

सोपंसाहेब म्हणाले, दुरुस्ती केली तर घबराट होईल आणि जनतेचा विश्वास उडेल. सुधारित पत्रक काढू, सात सह्यांनिशी, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, पाणी शुक्रवारी येतंय, त्याला सांगू का सह्या व्हायच्यात, जरा थांब? खालच्या भागाला नेहमीची सूचना द्यायचं ठरलं: सतर्क राहावे. आणि मुकादमाचं नाव काळ्या यादीत घाला, कुणाचीतरी जबाबदारी निश्चित व्हायला हवी.

तिथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी, खरंच. मग वाटलं, आत्ता ह्यात वेळ कशाला, आधी गल्ली महत्त्वाची. हे खरंही होतं आणि सोयीचंही.

बाहेर येऊन मुकादमाला फोन केला. काल त्याला एवढं बोलले, तरी अर्ध्या तासात शिडी आणि लाल रंगाचे डबे घेऊन हजर. काळ्या यादीचं त्याला अजून कळलेलं नव्हतं. मी तक्ता वाचत गेले, तो रेषा मारत गेला. परवानगी कसलीच नव्हती. दादाच्या दारासमोर तो शिडीवर चढला तेव्हा गल्ली गोळा झाली.

दादाने वर लाल रेषेकडे पाहिलं, मग त्याच्या फळीकडे. मी म्हटलं, दादा, ओरड ना. तो म्हणाला, "ओरडायला वेळ आहे का? आधी कागद हलवू." वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही आलात हेच पुष्कळ," आणि ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. दादा घरोघरी फिरला. टेकावरच्या शाळेचा वरचा मजला उघडून घेतला. चाळीसेक घरांतली माणसं कुरकुरत, शिव्या घालत, पण निघाली. शिव्या मलाच होत्या. घातल्या तर घातल्या.

घड्याळवाले काका नाही निघाले.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "आधी एकशे दहा. आता दोनशे पाच. उद्या?"

"काका, हा खरा आकडा आहे."

"आधीचाही खराच होता. ह्याच स्टुलावर बसून सांगितलात."

"चूक झाली, काका."

"कोणाची?"

मागे मुकादम शिडी धरून उभा होता. दादाही होता. मी म्हटलं, "ऑफिसात काहीतरी गफलत झाली. कुठेतरी."

काका म्हणाले, "घड्याळ मागे का पडतं ते सापडल्याशिवाय मी नुसते काटे पुढे सरकवून गिऱ्हाइकाला परत देत नाही. कुठेतरी झालेली चूक पुन्हा कुठेही होईल. तुमचा पहिला आकडा ऐकून सगळी भिंत बदलली मी. आता मला काम करू द्या." दादाने हाताला धरून पाहिलं, मनधरणी केली, रागावून पाहिलं. म्हातारा हलला नाही. मुकादमाने माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त.

शनिवार, १० मे

काल सकाळी नऊला पाणी गल्लीत शिरलं. दहाला केशरी रेषा बुडाली. मी शाळेच्या गच्चीवर होते, दादाशेजारी. वाटलं होतं पाणी धावत येईल. तसं काही नाही, ते नुसतं वाढत राहिलं. दुपारी लाल रेषेला चार बोटं कमी असताना थांबलं. मोजणीवालीचा तक्ता. तीन महिने काठी घेऊन फिरली होती पोरगी, उगाच नाही.

शाळेत डोकी मोजली, सगळी भरली. एक सोडून.

नाववाले तीनला काकांपर्यंत पोचले. ते कपाटावर चढले होते, तेही पाण्याने आडवं झालं होतं, पाच तास छातीपर्यंत पाण्यात, छताची कडी धरून. जिवंत आहेत. फुप्फुसात पाणी गेलंय, खुब्याचं हाड मोडलंय. दवाखान्यात नेलं.

दादाचे कागद वाचले. कापायचं मशीन नाही, ते हलण्यासारखं नव्हतंच. आज चिखलात ते बाजूला कलंडलेलं पाहून तो नुसता त्याच्यावरून हात फिरवत राहिला. ज्या फळीवर मी एवढी फुशारले होते ती उखडून दाराच्या वरच्या चौकटीशी तरंगत होती म्हणे.

बुधवार, १४ मे

चौकशी लागली. नोटीस सगळ्यांना. प्रश्न क्रमांक चार: 'एकसमान उंचीची सूचना कोणी दिली?'

सोपंसाहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. फार प्रेमाने बोलले. "तोंडी सूचनेचा पुरावा नसतो. मुकादम म्हणतो तुम्ही सांगितलं, तुम्ही म्हणता तक्ता बघ म्हणाले. दोन्ही खरंच आहे ना? अर्धंच लिहा. सोपं ठेवा." तुमच्याकडे लेखी काही नाही ना, असं दोनदा विचारलं.

मी नाही म्हणाले.

घरी येऊन वही उघडली आणि त्या पानाची कड चिमटीत धरली. एवढंसं पान. मग आठवलं. शिवण बघत, पानं मोजत गेले. २० मार्चचं जोडपान १३ एप्रिलचं निघालं. दादाने फळी ठोकली तो दिवस. हे गेलं की तेही सुटणार. आणि पुढे कधी दादाच्या हाती ही वही आली तर पाठीवर बोट फिरवूनच तो ओळखेल कुठून काय गेलंय. कड सोडली. पान जरासं चुरगळलंय.

शुक्रवार, १६ मे

दवाखान्यात गेले. काका वाळून गेलेत, नाकात नळी. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, त्याचा त्यांना फार त्रास होतो असं नर्स म्हणाली.

मी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. तक्ता कपाटात राहिला तो माझ्याकडून. फोनवर एकशे दहा मीच म्हणाले. मुकादमाने विचारलंही होतं, मीच घाई केली. त्या दिवशी तुमच्या दारात मला हे माहीत होतं, काका. आदल्याच दिवशी कळलं होतं.

ते छताकडे बघत होते. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, "हे त्या दिवशी म्हणाला असतात तर मी आलो असतो."

एवढंच. रागही नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. मी बाहेर जिन्यात बसून भरपूर रडले. मग खालून शिडी मागून आणून खोलीतलं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. त्यांनी बघून मान हलवली. का मागे पडतं ते मला शोधता येत नाही, नुसते काटे सरकवले, असं मी म्हणाले. ते ओठांतल्या ओठांत हसले बहुतेक.

सोमवार, १९ मे

दादाला रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. म्हटलं, नोकरी जाईल. तो म्हणाला, "जाईल." मग म्हणाला, "मशीन गेलं तेव्हा मला वाटलं होतं, चिमणीला कोणी फसवलं. मी शिव्या दुसऱ्याच कोणाला देत होतो." मी म्हटलं, आता बरोबर पत्त्यावर दे. "देईन," म्हणाला, "आधी जेव."

उद्या दहा वाजता चौकशी समिती. मुकादम बाहेरच्या बाकावर बसलेला असेल. त्याच्या सगळ्या माणसांची कामं थांबलीत. मी ही वही घेऊन जाणार आणि अख्खी ठेवणार त्यांच्यापुढे, सोपंसाहेब हे टोपणनाव, चहा, राजीनामा, माझी फुशारकी, सगळ्यासकट. परत मिळेल न मिळेल.

अडीच महिने मी लोकांना कळेल अशी भाषा शोधत होते. प्रश्न क्रमांक चारचं उत्तर आज सहा वेळा लिहिलं. पहिल्यात अडीच पानं परिस्थिती होती, सही करणारा रजेवर होता, रंगावर भांडण होतं. सगळं खरं होतं. सहाव्यात एवढंच उरलं:

दोनशे बारा खांबांना एकशे दहा हा आकडा मी सांगितला. सगळ्या खांबांना का, असं मुकादमांनी विचारलं होतं. मी हो म्हणाले.